सुपारीच्या वाडीतला मेपल

आमचे शेजारी दत्तूकाका रोज सकाळी बंदरावर जाऊन बर्फ आणायचे. मासे नाहीत, नुसता बर्फ. त्यांच्या घरात मासा कधी शिजलेला नाही आणि थंड पाण्यानं त्यांचा घसा धरतो. तरी नोव्हेंबर लागल्यापासून सायकलच्या कॅरिअरला गोणपाटात गुंडाळलेली लादी बांधून हा सत्तरीचा गृहस्थ श्रीवर्धनच्या रस्त्यानं घाईघाईनं यायचा आणि त्याच्या मागोमाग रस्त्यावर ओली रेघ यायची.

"काका, निसता बरफच? म्हावरा कोन नेनार?" जनाबाई कोळीण विचारायची.

"झाडाला हवाय."

"झाडाला ताप हाय काय?"

"नाहीये. येऊ नये म्हणून."

ईरा, निमिष, फोनवर मी हे तुम्हाला अर्धंमुर्धं सांगितलं आणि तुम्ही हसत सुटलात. आता क्रमानं सांगते.

दत्तूकाकांची सुपारीची वाडी आमच्या कुंपणाला लागून आहे. मालतीवहिनी गेल्यापासून तिथं ते एकटेच. त्यांचा केदार जपानात नोकरीला आहे, लग्नही त्यानं तिथंच केलं. जानेवारीत त्याचा फोन आला, की डिसेंबरात युमीला घेऊन येतो, महिनाभर राहू. फोन ठेवल्याबरोबर काका आमच्या ओटीवर हजर.

"वहिनी, जपानचं झाड कुठलं?"

मी म्हटलं, "बरीच आहेत. चेरी, मेपल."

"मेपल म्हणजे तो लाल पानांचा ना? ठरलं. सूनबाई दारात पाऊल टाकेल तेव्हा समोर लाल पानांचा मेपल. तिच्याकडचं काहीतरी इथं हवं. सोपं आहे."

हे "सोपं आहे" ऐकलं की मी पदर खोचते. मागे विहिरीचा पंप दुरुस्त करताना ते असंच म्हणाले होते आणि सगळी आळी दोन दिवस अंधारात होती.

मोबाइलवरचं इंग्रजी वाचायला मी, म्हणून हिमाचलातल्या एका रोपवाटिकेकडे मागणीही मीच नोंदवली. दहा दिवसांनी लांबट खोकं आलं. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेली एक काडी.

काकांनी ती उलटसुलट करून पाहिली. "वहिनी, आपण झाड मागवलं होतं ना?"

सोबतचा कागद मी वाचून दाखवला. झाड थंडीनं झोपलेलं आहे. पसरट कुंडीत लावावं, पाणी साचू देऊ नये, दुपारचं ऊन आणि खारा वारा लागू देऊ नये. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे त्या कागदाला कोण सांगणार? पण काका कामाला लागले. कुंडीच्या भोकांवर खापऱ्या, त्यावर नारळाच्या सोडणांचा भुगा, पानांचं खत, वाळू. समुद्राच्या बाजूनं विणलेल्या झावळ्यांच्या झापांचा आडोसा. वर सुपारीची सावली होतीच.

आणि मार्चमध्ये त्या काडीला पानं फुटली. तान्ह्या बाळाच्या पंजाएवढी, बोटं पसरलेली, कोवळी तांबूस. काकांनी मला हाक मारली ती अशी, की मी गॅसवरचं दूध तसंच टाकून धावले. दूध गेलं, पण पानं पाहिली.

मे महिन्यात पानांची टोकं करपू लागली. काका म्हणाले, "सोपं आहे," आणि मला न विचारता कुंडीत दोन मुठी खडेमीठ टाकून मोकळे झाले. आपल्याकडे माडाच्या बुंध्याशी मीठ घालतात, त्यानं माड तरारतो. त्यांच्या आजोबांपासून सगळे तेच करत आले. मी अंगणात पोचेपर्यंत वरून पाणीही घालून झालं होतं.

"अहो, हा माड नाही!"

"झाडच ना?"

त्या दुपारी आम्ही दोघांनी मेपल उपटला, मुळं बादल्याच्या बादल्या पाण्यात धुतली आणि नव्या मातीत लावला. आठवड्यात पानं झडून दोन उरली. काका कुंडीपाशी स्टूल टाकून बसून राहायचे. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "भूक नाही." पावसाळ्यानं मात्र झाडाला सावरलं आणि गणपतीपर्यंत ते कमरेएवढं झालं. पण हिरवं.

मी वाचून सांगितलं, की थंडी पडल्याशिवाय पानं लाल होत नाहीत. श्रीवर्धनात थंडी म्हणजे पहाटे पंखा एकनं कमी करायचा. म्हणून तो बर्फ. कुंडी मोठ्या घमेल्यात, भोवती भुसा आणि बर्फाचे तुकडे. डिसेंबरच्या सुरुवातीला एक पान खरोखर कडेनं लाल झालं. मग दुसरं, मग अख्खी फांदी. काय सांगू, पोरांनो! जनाबाईसुद्धा टोपली खाली ठेवून बघत राहिली.

पाहुणे यायला चार दिवस होते. सकाळी काकांची हाक आली नाही, म्हणून मीच गेले. सगळी पानं जमिनीवर. कुंडीत परत काडीच, फक्त फांद्या असलेली.

"काका, तुम्ही हिवाळा आणलात," मी म्हटलं. "हिवाळ्यात तो पानं टाकतोच."

त्यांनी एक पान उचलून फांदीला लावून पाहिलं. मग म्हणाले, "दोऱ्यानं बांधता येतील का?"

मी सुईदोरा आणला, हेही लिहून ठेवते. तीन पानं बांधली, तिन्हींचा चुरा झाला. काकांनी कुंडी न्हाणीघराच्या मागे नेऊन ठेवली आणि त्या दिवशी बंदरावर गेले नाहीत.

युमी आली, गोड आणि लाजरी. वाकून नमस्कार केला आणि पाय धुवायला मागे गेली, ती येईना. आम्ही जाऊन पाहिलं, तर ती कुंडीसमोर उकिडवी बसून फांदीवरचा बारीकसा कोंब बोटानं चाचपत होती. केदारला भराभरा काहीतरी सांगत तिनं मोबाइल काढला. फोटोत बर्फ होता, कौलारू घर होतं आणि दारात उघड्या फांद्यांचं एक झाड.

"बाबा, ती म्हणते, आईच्या दारातला आत्ता अस्साच आहे," केदार म्हणाला.

मग तिनं आणि केदारनं कुंडी ओढत पुढच्या अंगणात आणली. चहाचा कप घेऊन ती कुंडीच्या शेजारीच पायरीवर बसली.

काका माझ्याबरोबर कुंपणापाशी उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मालती सोलापूरकडची. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिनं परसात मूठभर ज्वारी पेरली होती. मला काय ठाऊक, ज्वारी कशी दिसते! गवत समजून सगळी उपटली."

"काय म्हणाली ती?"

"काही नाही. हात धुवायला पाणी दिलं. पुढे जन्मभर तांदळाचीच भाकरी केली तिनं."