मास्तरनं अंगण कमरेत आत घेतलं

इकडे सरकून बसा, तिकडं वारा लागेल. एका शिंप्याची गोष्ट सांगतो. पण यात ना कापड आहे, ना गिऱ्हाईक. कुत्रं आहे. तेही एवढंसं!

शिंप्याला सगळे मास्तर म्हणायचे. त्याच्या बायकोची कुत्री, नाव गुंडी. शेजारी मांजर बसलं तर मांजर थोराड दिसावं, अशी. आणि बाईला वेड लागलं कुत्र्यांच्या शर्यतीचं. उड्या मारायच्या, बोगद्यातून जायचं आणि शेवटी जमिनीत रोवलेल्या बारा काठ्या. एका काठीच्या उजवीकडून, पुढचीच्या डावीकडून, असं वळवळत टोकापर्यंत पळायचं. एक काठी चुकली की खेळ खलास.

बाकी सगळं गुंडी झोकात करायची. काठ्यांपाशी आली की मात्र कुत्रीचं घोडं अडायचं.

बाईची थोरली बहीण, ताई. तिचा कुत्रा म्हणजे वासरूच. दर वर्षी जिंकायचा. ताई म्हणायची, "अगं, तुझं हे मांडीवर घ्यायचं कुत्रं. मैदानात आणून कशाला त्याचं हसं करतेस?"

एकदा असंच हरून बाई घरी आली आणि पट्टा खुंटीला अडकवून म्हणाली, "अहो, आता एकच शर्यत. तेव्हाही नाही जमलं तर सोडलं सगळं. ताईचं ऐकून घ्यायची ताकद नाही राहिली."

 दुसऱ्या दिवशी मास्तर मशीन थांबवून मागच्या दारात उभा राहिला आणि अंगणात काठ्या रोवून चाललेला सराव बघू लागला. बघतो तर काय! शर्यतीत ताईचं वासरू एका झेपेत पुढच्या काठीशी पोचायचं. गुंडीला तेवढ्याच अंतरात तीन-चार पावलं टाकावी लागत, आणि तोवर ती विसरून जायची की आता वळायचं कुणीकडं.

"अगं, हिला हे ढगळ होतंय!" मास्तर ओरडला.

"काय ढगळ?"

"काठ्या! मधलं अंतर. तिच्या मापाचं नाहीच ते."

"अहो, नियम आहे तो. साठ सेंटीमीटर. लहान-मोठं सगळ्यांना एकच. तुम्ही हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

आता शिंप्याला ढगळ गोष्ट दाखवायची आणि हात लावू नको म्हणायचं! बाई बाजारात गेली की मास्तर अंगणात. काठी उपटायची, बोटाच्या पेरभर आत रोवायची, माती दाबायची. रोज थोडं थोडं. मग रांग आखूड दिसायला लागली, म्हणून रांगेच्या टोकाची कुंडी आत घेतली. कुंडी सरकली म्हणून बाक सरकवला. बाक सरकला म्हणून कपडे वाळवायच्या दोरीचा खांब.

"अहो," बाई एकदा म्हणाली, "अंगण लहान झाल्यासारखं वाटतंय का हो?"

"अंगण कशाला लहान होईल? तूच मोठी झाली असशील."

"म्हणजे मी जाड झालेय?"

मास्तर पटकन आत जाऊन मशीनवर बसला. बिनदोऱ्याचीच चालवली बराच वेळ.

पण गुंडी! गुंडी सुटली ना राव! डावी-उजवी, डावी-उजवी, नुसती शिलाई मारल्यासारखी. बाई टाळ्या पिटत घरात आली. "अहो, बघा! जमलं तिला! माझ्या हाताखाली शिकली!" आणि लगेच ताईला फोन. "ताई, यंदा बघच तू. पहिल्या रांगेत उभी राहा!"

पण शर्यतीत काठ्या तर साठावरच असणार! मास्तर काठ्या परत सैल करायला गेला, तर पहिल्याच दिवशी गुंडी अडखळली आणि बाई जेवली नाही. त्यानं मुकाट्यानं पुन्हा आत घेतल्या.

शर्यतीच्या दिवशी मास्तर सगळ्यांच्या आधी मैदानात. पंच हातात मापपट्टी घेऊन काठ्या रोवत होते.

"साहेब, जरा आत घेता का? चारच बोटं."

"काय आत घेऊ?"

"काठ्या. बारीक अंगाची आहे हो आमची."

"मास्तर, नियम म्हणजे नियम."

"पण एकाच मापाचा शर्ट सगळ्या गावाला घालता का तुम्ही?"

"शर्ट नाहीत ते, काठ्या आहेत. व्हा बाजूला!"

शिट्टी वाजली. गुंडी सुटली! उडी झाली, बोगदा झाला, बाई शेजारून पळतेय, लोक ओरडतायत, "पळ गुंडी, पळ!" पहिली काठी झकास. दुसरी झकास. तिसरीला गुंडी बरोबर वळली, म्हणजे घरी काठी असायची तिथं वळली. काठी होती चार बोटं पुढं. गुंडी कपाळ आपटून उभी राहिली, आणि बघायला लागली इकडंतिकडं, माझ्या काठ्या कुठायत म्हणून.

दिसल्या तिला. दोरीपलीकडं आपापले कुत्रे धरून लोक रांगेत उभे होते. पायच पाय, आणि मधलं अंतर अगदी तिच्या मापाचं.

घुसली! या पायाच्या उजवीकडून, त्या पायाच्या डावीकडून, सुसाट! तिच्यामागं ताईचं वासरू, वासराच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याचं टोक ताईच्या मनगटात. सुईमागं दोरा जावा तसा तो पट्टा पायापायांतून फिरला आणि अख्खी रांग टाचली गेली. सगळ्यात आधी ताई बसली गवतात, मग तिच्यावर बाकीचे.

"बाद!" पंच ओरडले.

बाई खाली बसली. मास्तर जवळ गेला. "अगं, चूक माझी आहे. काठ्या मी आत घेतल्या होत्या."

"किती?"

"चार बोटं. आणि कुंडी. आणि बाक. आणि दोरीचा खांब."

"म्हणजे मी जाड नव्हते झाले?"

"नाही गं."

बाईचे डोळे भरले. "म्हणजे तिला येत नव्हतंच काही."

तेवढ्यात हे सगळं ऐकत, केसांत गवत घेऊन ताई लंगडत आली. आता ही काय बोलतेय म्हणून मास्तरनं मान खाली घातली.

"अगं ए," ताई म्हणाली, "एकही पाय चुकली नाही ती! मी खाली पडून बघत होते ना! आमचा हा धटिंगण बघ, प्रत्येकाला धडकत गेला. सोडायचं नाव काढलंस तर याद राख. आजच्या मापाचं शिकव तिला, मी येते रोज मदतीला."

बाईनं डोळे पुसले आणि पट्टा हाताला घट्ट गुंडाळला.

आता दोघी बहिणी रोज संध्याकाळी अंगणात असतात. काठ्या साठ सेंटीमीटरवर, गुंडी एकेक पाऊल नव्यानं शिकतेय, आणि मास्तरला मागच्या दाराबाहेर पाऊल टाकायची बंदी. पण त्याचा हात शिवशिवतो हो! पुढची शर्यत जवळ आलीय. म्हणून सांगतो, संध्याकाळी त्या बाजूला गेलात तर एवढं करा, दुकानात शिरा, पँट ढगळ झालीय म्हणा आणि अंधार पडेपर्यंत त्याला काही उठू देऊ नका.