काकाजींची बिनधुराची कांडी

विठोबा काकाजींना कुठंही आग दिसली की ते खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढून तिच्यावर धरतात. लग्नातल्या आचाऱ्याची भट्टी असो, नाहीतर केळझरला दर्शनाला गेल्यावर तिथल्या चहावाल्याची शेगडी. क्षणभर धरायचा, उलटून बघायचा, काळपट दिसला की जाहीर करायचं, "नापास!" चहावाला वैतागून म्हणाला, "काकाजी, चहा प्याचा हाये का धुणं वाळवाचं हाये?" काकाजींनी त्याचा चहाही नापास केला.

वडनेरजवळच्या आमच्या गावात ते माझे शेजारी. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस मी. बीएस्सी, केमिस्ट्री. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण काकाजींनी माझं नावच 'बीएस्सी' ठेवल्यापासून तो अभिमान जरा दमलाय. शाळेत दिवसभर तासिकेवर शिकवून घसा कोरडा करून घरी यावं, पाठ टेकावी, की कुंपणापलीकडून हाक येते, "बीएस्सी, येजो! आज पास होते पाह्य."

पास व्हायची असते ती गवताची कांडी. बैल विकल्यावर गोठा रिकामा झाला, तिथं काकाजींनी एक जुनं मशीन आणून बसवलंय. बांधावरचं, पांदणवाटेवरचं वाळलेलं गवत कापायचं, त्याचा भुसा करायचा, मशीनमध्ये ओतायचा. खालच्या छिद्रांतून बोटाएवढ्या घट्ट, गरम कांड्या पडतात. त्या लाकडांऐवजी शेगडीत जाळायच्या. गवत नीट वाळलेलं असलं आणि शेगडीला हवा बरोबर मिळाली, तर धूर जवळजवळ होत नाही. असं पुस्तक म्हणतं. काकाजींच्या गोठ्यात तो होतोच. मग कारणं सुरू होतात. "गवत ओलं होतं." "वारा उलटा होता." एकदा तर, "तू समोर उभा होता, म्हणून."

कांडी दिसते ढोरांच्या खुराकासारखी. शेजारच्या शांताबाईंनी एकदा पाटीभर उचलून म्हशीपुढं टाकली. म्हैस खाऊन मोकळी. नंतर कळलं तशा शांताबाई भांडायला आल्या. "माह्या म्हशीले जळण चारलं तुमी!"

"तिले ठसका लागला का?" काकाजींनी विचारलं.

"नाई."

"मंग पास!"

त्यांचं सगळं या ठसक्यावर येऊन थांबतं. काकूंना दमा आहे. जन्मभर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या धुरात भाकरी थापल्या त्यांनी. मागच्या हिवाळ्यात दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हापासून त्या सावंगीला मुलाच्या फ्लॅटवर आहेत. गावच्या घरी गॅस आहे, पण गॅसवरच्या भाकरीला काकू भाकर म्हणत नाहीत. मुलगा म्हणतो, गावी गेली की आई चुलीपुढंच बसते, मी पाठवणार नाही. काकाजींनी यावर एकच उपाय काढला. "बाई बदलत नाई बीएस्सी. जाळच बदलवा लागते."

आणि एका रविवारी दुपट्टा पांढरा राहिला. काकाजींनी तो उलटून पाहिला, परत धरला, परत पाहिला. शेगडी आणि कांड्या पोत्यात बांधल्या आणि मला म्हणाले, "चाल."

सुट्टीच्या दिवशी मी एसटीत पोतं मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं विचारलं, "काय हाये यात?" काकाजी म्हणाले, "औषध."

मुलगा ड्यूटीवर गेला होता. काकूंनी दार उघडलं. "काऊन जी, लोकं खाऊ आणतेत, तुमी चूल आणली?" पण हसल्या, आणि लगेच पीठ भिजवायला घेतलं. गॅलरीत शेगडी पेटली. जाळ सरळ, स्वच्छ. धूर नव्हता, हे मी माझ्या पदवीची शपथ घेऊन सांगतो. काकूंनी भाकर थापून तव्यावर टाकली. मी जाळाकडे बघत होतो. काकाजी मात्र काकूंच्या छातीकडे बघत होते. तिथं श्वास वर येत होता, खाली जात होता.

भाकर उलटली आणि काकूंना ठसका लागला.

काकाजींनी पिठाजवळचा पाण्याचा तांब्या उचलला आणि शेगडीत ओतला. आता मात्र खरा धूर झाला. मी धावत जाऊन काकूंना आत नेलं.

"विझवली काऊन जी?" काकू खोकता खोकता चिडल्या. "धूर कुठं होता? मले अशीच येते खोकल. बसल्या बसल्या येते."

"गवत ओलं होतं," काकाजी म्हणाले.

"चांगलं वाळलं होतं. मले कळत नाई का?"

"बोलू नको वं तू."

ते काकूंच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. खोकला थांबायला बराच वेळ लागला. त्या वेळात तव्यावरची भाकर तशीच अर्धी कच्ची राहिली, आणि कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

निघायची वेळ झाली तेव्हा काकाजी माझ्याबरोबर दारापर्यंत आले आणि गोठ्याची चावी माझ्या हातात ठेवली. "कुलूप लावजो."

"अन् तुम्ही?"

"मी हाये इथंच."

आतून काकूंचा आवाज आला, "तिथं मशीन कोण पाह्यन?" काकाजी आत जाऊन परत काकूंजवळ बसले.

गावात पोचलो आणि गोठ्याला कुलूप लावलं. अंगणात वाळत घातलेल्या गवताच्या ढिगावर कोणाच्या तरी बकऱ्या चढल्या होत्या. निवांत खात होत्या. मी पायरीवर बसलो. हाकलल्या नाहीत.