सत्तावीस इंची सोय

नागरिक आणि कर्मचारी यांच्यात योग्य अंतर राखल्याशिवाय कोणतंही राज्य फार काळ टिकत नाही. क्रिवा स्लाटिनाच्या नगरपालिकेत हे अंतर चाळीस वर्षं एका काचेने राखलं होतं. काचेला खाली, साधारण बेंबीच्या उंचीवर, एक अर्धगोल भोक होतं आणि नागरिक कमरेत वाकून त्या भोकाशी बोलत. (वाकलेला माणूस थोडक्यात बोलतो, हा नगरपालिकेचा अनुभव आहे.) मग निवडणुकीच्या आधी 'खुली नगरपालिका' मोहीम आली, काच निघाली, फीत कापली गेली, आणि तीन खिडक्यांवरचे तीन कर्मचारी सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन अक्षरशः उघड्यावर पडले.

पहिल्याच महिन्यात आजारपणाच्या रजा तिप्पट झाल्या.

"लोक डोळ्यांत बघून बोलतात हो!" खिडकी एकवरचा, जमिनींच्या नोंदी सांभाळणारा झिवादिन कळवळून सांगे. "माझ्या आईनेसुद्धा मला असा त्रास कधी दिला नाही."

खिडकी तीनवरची मिलुंका मात्र वेगळ्याच कारणाने बेजार होती. जन्म, मृत्यू, विवाह आणि हयात, असे आयुष्यातले चारही दाखले तिच्याकडे. तिचा मॉनिटर सतरा इंची, कडांनी पिवळा पडलेला आणि अखंड लुकलुकणारा. दुपारी दोननंतर तिला तीन आणि आठ हे आकडे सारखेच दिसत. त्यामुळे एका गृहस्थाचं लग्न कागदोपत्री १९८३ ऐवजी १९८८ साली लागलं, म्हणजे थोरल्या मुलीच्या जन्मानंतर चार वर्षांनी. (त्याच्या बायकोने नगरपालिकेला अजून माफ केलेलं नाही.) डोळ्यांच्या डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलं : नवा मॉनिटर किंवा निवृत्ती. निवृत्तीला अडीच वर्षं होती. मिलुंकाने अर्ज केला.

इतक्या साध्या अर्जावर एकट्याने निर्णय घेणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. म्हणून प्रशासनप्रमुख तिहोमीर साहेबांनी 'आरामदायक कार्यालयीन कामासाठी किफायतशीर मॉनिटर निवड समिती' स्थापन केली. सदस्य तीन : साहेब, झिवादिन आणि, अर्जदार असल्यामुळे नाइलाजाने, मिलुंका. अकरा बैठका झाल्या. पहिल्या सहा 'आरामदायक' या शब्दाची व्याख्या करण्यात गेल्या.

मिलुंकाने दरम्यान गुपचूप अभ्यास केला आणि कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहून काढलं : दिव्याची चकाकी पडू नये. लुकलुक नको. हाताच्या अंतरावर असावा. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. शेवटच्या मुद्द्याखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या.

बाजारपेठेतल्या दुकानात मंजूर रकमेत दोनच नमुने बसत होते. पहिला चोवीस इंची, त्याचा पाय वर-खाली सरकणारा. दुसरा सत्तावीस इंची, पाय बुटका आणि ठाम. चकाकी दोघांनाही नव्हती, लुकलुक दोघांनाही नव्हती.

"याची मान वर-खाली होते," मिलुंका पहिल्यावर हात ठेवून म्हणाली.

"आपली होत नाही का?" साहेबांनी विचारलं.

झिवादिनने तोवर मोठ्या मॉनिटरमागे खुर्ची ओढली होती. "साहेब, मी दिसतोय का?"

"टक्कल दिसतंय."

दुकानदाराने अदबीने मॉनिटरखाली दोन खोकी सरकवली.

"आता?"

"आता कोण बोलतंय तेच कळत नाही," साहेब म्हणाले, आणि काच निघाल्यापासून प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

तिन्ही खिडक्यांसाठी तोच घेण्याचा ठराव दोन विरुद्ध एक मताने मंजूर झाला. इतिवृत्तात कारण लिहिलं : 'दृष्टीस विश्रांती'. (कोणाच्या, ते नमूद नाही.)

खोकी दुकानदाराची होती. म्हणून प्रत्येक मॉनिटरखाली राजपत्राचे पाच-पाच जुने बांधीव खंड ठेवण्यात आले. ज्या देशाचे ते कायदे होते तो देश आता उरला नव्हता, पण पुठ्ठा पक्का होता. शिवाय परिपत्रक क्रमांक १४ निघालं : सदर सोय बसलेल्या स्थितीसाठी मंजूर असल्याने कर्मचाऱ्याने कामाच्या वेळी खुर्चीतून उठून उभं राहिल्यास सोय भंग पावेल व तशी नोंद होईल.

तीन महिन्यांचा अहवाल उत्साहवर्धक होता. तक्रारी ६१ टक्क्यांनी घटल्या. (तक्रारपेटी आता मॉनिटरमागे, कर्मचाऱ्यांच्या बाजूला होती.) नजरानजर दिवसाला एकशे चाळीसवरून तीनवर आली, त्यातल्या दोन चुकून. नागरिकांचा आवाजही नरम झाला, कारण आपण नक्की कोणावर ओरडतोय याची त्यांना खात्री वाटेना.

मिलुंकाला तीन आता तीन दिसत होते आणि आठ आठ. फक्त दिवसभर ती विमान बघणाऱ्या माणसासारखी बसे, आणि संध्याकाळी मानेला आलुबुखाराच्या दारूत भिजवलेलं फडकं गुंडाळून घरात वावरे.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मॉनिटरपलीकडून आवाज आला.

"हयातीचा दाखला हवाय, बाई."

"कोणाचा?"

"माझा. शेजारणीचा ती मागेल."

खालून एक ओळखपत्र सरकलं. स्तानिया, वय एक्क्याऐंशी. सव्वीस वर्षं जर्मनीत नोकरी. तिकडचं पेन्शन खातं दरवर्षी तिला विचारतं, तू जिवंत आहेस का, आणि महिनाअखेरपर्यंत शिक्क्यानिशी उत्तर गेलं नाही तर ती नाही असं धरून चालतं.

मिलुंकाने छापील नमुना पुढे ओढला. 'अर्जदारास मी समोरासमोर, प्रत्यक्ष पाहिले आहे.' या ओळीखाली न पाहता तिने आजवर एकदाही सही केली नव्हती. ती डावीकडे झुकली, तिथे प्रिंटर होता. उजवीकडे झुकली, तिथे रबराच्या झाडाची कुंडी होती.

"आजी, जरा मागे सरका."

"मागे रांग आहे, रांगेमागे भिंत."

"मग हात वर करा."

मॉनिटरच्या वर एक सुरकुतलेला हात उगवला. बोटात पातळ झालेली अंगठी होती.

"हलतोय ना? दे सही," खिडकी एकमधून झिवादिन ओरडला.

"हात म्हणजे व्यक्ती नव्हे," गडबड ऐकून आलेले तिहोमीर साहेब गंभीरपणे म्हणाले. त्यांनी नागरिकाची उंची वाढवण्यासाठी बिअरच्या बाटल्यांचं रिकामं क्रेट मागवलं. "चढा, आजी."

"माझ्या कमरेत जर्मन लोखंड आहे, साहेब. मी यावर चढले तर वेगळा दाखला काढावा लागेल. तोही इथेच मिळतो का?"

"खिडकी हीच," साहेबांनी माहिती दिली.

मग काठीचा ठकठक आवाज काउंटरच्या टोकाला गेला, फळी उचलली गेली, आणि आवाज मिलुंकाच्या पाठीमागे येऊन थांबला.

"अगं माझे बाई! हे काय कोंबड्यासारखं छपरावर चढवून ठेवलंय? मान मोडेल तुझी."

"मोडलीच आहे, आजी. पण नियमात आहे."

"मी सव्वीस वर्षं टीव्हीच्या कारखान्यात पडदे तपासले. दिवसाला चारशे. माझ्यासमोर पडदा बोटभर वर आला तर मी आख्खी लाईन थांबवायचे. धर तिकडून."

मिलुंकाने क्षणभर साहेबांकडे पाहिलं. मग तिने तिकडून धरलं.

"ते नगरपालिकेचं साहित्य आहे!" साहेब ओरडले.

"मग सांभाळा," म्हणत स्तानियाने पाचही खंड एकेक करून त्यांच्या हातात दिले.

मिलुंकाची मान आपोआप खाली आली, इतकी सहज की तिच्या तोंडून 'हुश्श' निघालं. स्तानिया मात्र पुन्हा सगळा वळसा घालून काउंटरपलीकडे गेली, कारण नमुन्यात समोरासमोर असं लिहिलं होतं. निळा रुमाल, चिकटपट्टी लावलेला चष्मा, आणि त्यामागे जरा धास्तावलेले दोन डोळे.

"दिसले?"

"दिसलात."

"मग लिही तसं."

मिलुंकाने लिहिलं, शिक्का मारला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. (मॉनिटर लुकलुकत नसल्याने कारण नोंदवता आलं नाही.)

स्तानियामागे रांग होती, तीही आता दिसली. गेले तीन महिने लग्नाचं साल दुरुस्त करून मागणारी चार चिवट माणसं आपल्याला छळताहेत अशी मिलुंकाची समजूत होती. तो एकच गृहस्थ होता, चार वेळा आलेला. पाचव्यांदा त्याने बायकोला आणलं होतं. "१९८३," बाई एवढंच म्हणाली. मिलुंकाने सहा मिनिटांत दुरुस्ती करून दिली.

बातमी फुटली. आठवड्याभरात सगळी गर्दी खिडकी तीनवर लोटली. खिडकी एक आणि दोनवर कोणी फिरकेना, त्यामुळे त्यांची सोय शंभर टक्क्यांवर पोचली आणि झिवादिनला प्रशस्तिपत्र मिळालं. मिलुंकाची चौकशी झाली. समितीची बारावी बैठक भरली आणि मानेचं शास्त्र एकमताने मान्य झालं : तिन्ही मॉनिटर खाली घ्यावेत. त्याच ठरावाच्या दुसऱ्या कलमाने तिन्ही काउंटर तेवढ्याच उंचीने वाढवण्यात आले.

सुतार काम संपवून गेल्यावर मिलुंकाने आपला मॉनिटर कुंडीच्या जागी, एका अंगाला फिरवून ठेवला आणि खुर्चीवर घरून आणलेल्या दोन उशा टाकल्या. याला कोणत्याच परिपत्रकात मनाई नव्हती, म्हणून तिला फक्त लेखी ताकीद मिळाली. मॉनिटर जरा डुगडुगत होता. ताकीदपत्र चौघडी करून त्याच्या पायाखाली बरोबर बसलं.

हे वाचून क्रिवा स्लाटिनाच्या नगरपालिकेला हसायला कोणाचीच हरकत नाही. फक्त एवढं वाचून होईपर्यंत घरातल्या कोणीतरी तुम्हाला दोनदा काहीतरी विचारलं, आणि तुम्ही मान वर न करता 'हं' म्हणालात. ते माणूस हयात आहे हे तुम्ही नक्की कशावरून धरून चाललात, तेवढं सवडीने लिहून ठेवा. सहीच्या वर ती 'प्रत्यक्ष पाहिले आहे'ची छापील ओळ असते.