हरीनानांचा राक्षस

दर बुधवारी सकाळी, आमच्या गावाशेजारच्या पाळण्यांच्या पार्कात, पहिल्या फेरीच्या गाडीत, सगळ्यात पुढच्या सीटवर एक सत्तरीचे गृहस्थ बसतात. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, आणि उडू नये म्हणून सदऱ्याच्या आत पोटाशी धरलेली टोपी. गाडी रुळांवरून वर चढते, उलटी होते, धाडकन खाली येते. मागे बसलेली कॉलेजची पोरं आईला हाका मारतात. हे गृहस्थही ओरडतात, पण घाबरून नाही. ठरलेल्या एका वळणावर, ठरलेल्या दिशेला तोंड करून, शेताच्या बांधावर उभं राहून शेजाऱ्याशी भांडावं तसे ओरडतात. गाडी थांबली की टोपी काढून झटकतात, डोक्यावर ठेवतात आणि दळण टाकून आल्यासारखे घरी निघतात.

हे आमचे हरीनाना.

चौक गावात हायवेच्या कडेला माझं औषधाचं दुकान आहे, त्यामुळे नाना मला 'गोळीवाल्या' म्हणतात. ते पहिल्यांदा ब्लडप्रेशरची गोळी घ्यायला आले तेव्हा पाकीट उलटंसुलटं करून बघितलं, वास घेतला आणि एक गोळी माझ्यापुढे धरली.

"आदी तू खाऊन दाखव."

"नाना, मला प्रेशर नाही."

"मग तुला भ्यायचं काय कारन?"

मी गोळी परत पाकिटात सरकवली आणि पैसे घेतले. 

नानांचं एक वाक्य साऱ्या पंचक्रोशीला पाठ आहे: "ह्यात मेख हाय." दूधवाल्यानं पाणचट दूध दिलं तर नाना निवांत असतात. जग जसं चालायला हवं तसं चाललंय. पण एखाद्या दिवशी दूध घट्ट आलं की दूधवाल्याची उलटतपासणी सुरू. "आज चांगलं का दिलंस? काय काम काढलंस माझ्याकडं?" त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी न मागता मनगटी घड्याळ दिलं होतं. सासरे वारले, घड्याळ बंद पडलं, पण त्यामागचा डाव काय होता याचा शोध नाना अजून घेताहेत. नानी म्हणतात, "माझ्या बापाचा एकच डाव व्हता, मला खपवायचा. तो साधला."

पण नानांच्या संशयाचा खरा धनी एकच माणूस. त्यांचा थोरला भाऊ, महादूदादा.

दोघांची भातखाचरं शेजारीशेजारी, मध्ये एक बांध. दर पावसाळ्याआधी बांधबंदिस्ती करताना महादूदादा बांध चार बोटं आपल्याकडून कोरतो आणि नानांच्या बाजूला माती लावतो, म्हणजे बांध दरसाल नानांच्या शेतात सरकतो, असा नानांचा आरोप. महादूदादाचा नानांवर तोच आरोप, उलट्या दिशेनं. दोघांचंही खरं मानलं तर तो बांध नुसता जागच्या जागी थरथरत असणार. पण भावाभावांत असला हिशेब कुणी मांडत नाही. एका साली शब्दानं शब्द वाढला, कुदळी वर झाल्या, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. घरातसुद्धा मधोमध भिंत चढली. मग पार्कवाले आले, दोघांचीही जमीन गेली, बांध बुलडोझरखाली गेला. आम्हाला वाटलं, भांडणाचं मूळच गेलं, आता बोलतील. पण नाहीच बोलले. बांध गेला तरी त्याचा राग सातबाऱ्यासारखा दोघांच्या नावावर राहिला.

महादूदादाला पार्कात माळीकाम मिळालं. माणूस आडदांड, भुवया झुडपासारख्या, पुढचे दोन दात बाहेर. पार्कात तेव्हा 'राक्षसदरी' नावाचा रुळांवरून पळणारा मोठा पाळणा उभा राहत होता. मुंबईहून आलेल्या मूर्तिकाराला राक्षसाचं तोंड काही जमेना. एके दिवशी त्यानं कुंपणाशी झाडांना पाणी घालणारा महादूदादा पाहिला आणि त्याच्या हातातला ब्रश गळून पडला. दादाच्या तोंडावर प्लास्टर थापून साचा काढला, आणि त्यावरून दोन माणसं उंचीचा, लाल डोळ्यांचा, पंजा उगारलेला राक्षस तयार झाला. सगळा गाव बघायला लोटला. दादा स्वतः त्याच्या पायाशी उभा राहून ओशाळं हसत होता. नाना कुंपणाबाहेरून बघून आले आणि म्हणाले, "साचा कशाला काढला? त्यालाच उभा करायचा."

पुढं दोन पावसाळ्यांनी महादूदादा गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. नाना स्मशानात आले, पण लांब, करवंदीच्या जाळीपाशी उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, बघा, मेल्यावरसुद्धा खात्री करून घेतोय. दिवस झाल्यावर दादाची बायको मुलाबरोबर शेलूला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. आणि त्यानंतरच्या बुधवारी नाना पार्कात हजर झाले. जमीन देणाऱ्यांना पार्कानं फुकटचा पास दिला होता, तो त्यांनी आजवर 'ह्यात मेख हाय' म्हणून ट्रंकेत ठेवला होता. मॅनेजरनं वय बघून डॉक्टरचा दाखला मागितला. नानांनी दोन डॉक्टरांचे आणले, कारण त्यांचा एकावर विश्वास नव्हता.

का बसता, असं मी विचारलं तेव्हा नानांनी दुकानात इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "तो राकुस बराबर बांधाच्या जाग्यावर हुबा केलाय. माणिकगडाच्या शिद्या रेघंत बघ, कळंल. आन तो सरकतोय. दरसाल चार बोटं, माझ्या अंगाला. त्याच्यावर नजर पायजे."

फायबरचा राक्षस बांध कोरतो! मी हसलो, गाव हसलं. नानांचा आणखी एक उद्योग होता, त्यालाही आम्ही हसायचो. शेलूकडून कोणी पाव्हणा आला की नाना त्याला गाठायचे. पुतण्यानं काय घेतलं, वहिनीच्या गुडघ्याचं काय झालं, सून कुठं कामाला जाते. एवढं सगळं विचारायचं आणि शेवटी 'मेख हाय' म्हणून मान हलवायची. भाऊ गेला तरी म्हाताऱ्याची जळजळ जात नाही, असं मीच चारचौघांत म्हणायचो.

यंदा पार्कानं जाहीर केलं की राक्षसदरीचं रूप पालटणार. रूळ तेच, गाडी तीच, पण राक्षस, गुहा, कवट्या सगळं काढून तिथं अंतराळ होणार. काचेचे तारे, धूर, परग्रहावरचे प्राणी.

बातमी पसरली आणि मला कळलं की पाळण्यालाही भक्त असतात. मोबाइलवर नुसती रणधुमाळी. कोणी लिहिलं, आमचं बालपण मारलं. कोणी लिहिलं, राक्षसाच्या नाकाला तडा गेलाय, किती दिवस तोच बाहुला बघायचा, येऊ द्या की नवीन. त्यावर पहिल्यानं दुसऱ्याची अक्कल काढली, दुसऱ्यानं पहिल्याची आई. रविवारी ठाण्या-डोंबिवलीची पोरं 'राक्षस वाचवा' असे फलक घेऊन गेटसमोर बसली. नाना मला ओढत तिथं घेऊन गेले. एका मुलीच्या टीशर्टावर राक्षसाचं, म्हणजे महादूदादाचं, तोंड छापलेलं होतं. नाना तिच्यासमोर जाऊन थबकले.

"गं पोरी, ह्यो कोन हाय म्हाईत हाय का तुला?"

"हो आजोबा! आमचा राक्षस!"

"तुमचा कसा? सातबाऱ्यावर नाव हाय तुमचं?"

पोरांनी टाळ्या पिटल्या. कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत नाना 'राक्षसवाले आजोबा' म्हणून प्रसिद्ध झाले. पोरं त्यांना पुढारी करायला निघाली. नानांनी साफ नकार दिला. परतताना मला म्हणाले, "मुंबईची पोरं आपला रविवार मोडून आमच्या गावच्या मान्साकरता उन्हात बसतात? ह्यात मेख हाय, गोळीवाल्या. त्यांना त्याचं काय पडलंय? त्यांचा कोन लागतो तो?"

मग ते मला घेऊन मॅनेजरकडे गेले. मॅनेजर सज्जन होता. त्यानं खुर्ची दिली, चहा दिला (नानांनी तो माझ्याकडे सरकवला) आणि नव्या प्राण्याचं चित्र दाखवलं. हिरवा, मऊ, तीन डोळ्यांचा.

"ह्याचं त्वांड कुनाचं घेतलं?" नानांनी विचारलं.

"कोणाचं नाही आजोबा. कॉम्प्युटरवर केलंय."

"म्हंजे कुनाचाच नाय," नाना म्हणाले. मी त्यांच्या ठरलेल्या वाक्याची वाट बघितली, पण ते आलं नाही. नाना उठले आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. "राकुस काढायच्या आदी पंचनामा व्हयाला पायजे. तो किती सरकला त्याचा. तू पंच."

"नाना, बांधाचा पंचनामा जमिनीवर उभं राहून करतात."

"जमीन कुठं शिल्लक हाय?"

असा मी, जो घाटातल्या एस्टीतसुद्धा डोळे मिटून बसतो, पंच म्हणून त्या बुधवारी राक्षसदरीत बसलो. गाडी कुरकुरत वर चढली. खाली खोपोलीचा रस्ता, समोर माणिकगड, आणि पोटात माझा नाष्टा. मग जमीनच सरकली. मी सगळ्या देवांना एकदम हाका मारत होतो, तेवढ्यात डावीकडून लाल डोळे चमकले, पंजा दिसला, दात दिसले. शेजारून नाना जीव खाऊन ओरडले:

"दादा! सुनंला मुलगी झाली! दोगी बी बरी हायत!"

आणि राक्षस मागे पडला.

खाली उतरल्याबरोबर मी नानांना बाजूला घेतलं. मी म्हणालो, "नाना, हे काय?"

नाना टोपी झटकत राहिले. मग रागावून म्हणाले, "मग त्याला कोन सांगनार? पोरगं हितं फिरकत नाय, वहिनी फिरकत नाय. येका झपाट्यात दिसतो तो, लांबलचक बोलता येत नाय. आठवडाभर जुळवायला लागतं, काय सांगायचं, कसं सांगायचं." टोपी डोक्यावर ठेवून म्हणाले, "पंचनाम्यात हे लिवू नको."

मला स्वतःची फार लाज वाटली. आम्ही ज्याला जळजळ म्हणत होतो, ती या माणसाची आठवड्याची कमाई होती. दारोदार चौकशी करून जमवायची आणि भावाला नेऊन द्यायची.

शेवटच्या दिवशी पार्कात ही गर्दी. राक्षसाचे भक्त आले होते, नव्याची वाट बघणारेही आले होते, आणि भांडता भांडता एकमेकांचे फोटो काढत होते. टीशर्टवाली मुलगी रडत होती. पोरांनी मानानं पुढची सीट नानांसाठी सोडली, आणि नानांनी सीट खालून-वरून तपासून मगच बूड टेकलं. दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री. नानी म्हणाल्या होत्या, आठ दिवस ओठ हलवत घरात फिरतायत. शेवटचं वाक्य मोठं असणार, हे मी ओळखलं होतं. बांधाचं असेल. माफीचं असेल. शेजारी बसून मी कान टवकारले. या खेपेला देवांना हाका मारल्या नाहीत.

गाडी कोसळली. पोरांनी एकच गिल्ला केला. लाल डोळे आले. मी नानांकडे बघितलं.

त्यांचं तोंड मिटलेलं होतं. मान वळवून, कान राक्षसाच्या बाजूला देऊन ते नुसते बसले होते. वळण गेलं, गाडी खाली आली, थांबली. पोरं उतरली. नाना उतरेनात. बटण दाबणारा आमच्याच गावचा, त्यानं घाई केली नाही.

"नाना, आज काहीच बोलला नाहीत?"

"दर येळंला मीच बोलत आलोय," नाना म्हणाले. "त्याला सवडच गावत नसंल. म्हटलं, आज शेवटचा दिस हाय, आपन गप ऱ्हावं." ते समोरच्या रुळांकडे बघत होते. "नाय बोलला."

 मी त्यांचा हात हातात घेतला. नानांनी आधी त्या हाताकडे आणि मग माझ्याकडे संशयानं बघितलं, पण हात काढून घेतला नाही.