अजून थोडं डावीकडे

गाडीमागे जोडून न्यायच्या फिरत्या घराच्या, म्हणजे कॅरव्हॅनच्या टीव्हीवर चित्र आणण्यात माझा हात धरणारा माणूस इंग्लंडातल्या आमच्या अख्ख्या लँकेशर परगण्यात नाही, असं मी गेली चौतीस वर्षं सांगत आलो आहे. पुस्तिका वाचून अँटेना लावणारी माणसं वेगळी. मी जागेवर पोचलो की आधी बोट ओलं करून वारा बघतो. त्याचा अँटेनाशी काडीचा संबंध नाही, पण बघणाऱ्यांवर छाप पडते!

आमची पद्धत ठरलेली आहे. मी बाहेर, बेरिल आत. मी दांडा धरून अँटेना फिरवायचा आणि तिने खिडकीतून सांगायचं, नाही, नाही, अजून थोडं डावीकडे. बहुतेक वेळा पाऊस असतो. वीस-पंचवीस मिनिटांनी ती म्हणते, "हां, राहू दे." मी निथळत आत येतो तोवर चहा तयार असतो. या कामात नवरा-बायकोचा सूर जुळावा लागतो, आणि तो आमचा जुळलेला आहे.

यंदा मात्र प्रकरण नाजूक होतं. बेरिल आमच्या गावच्या शाळेत एकतीस वर्षं मुलांचं जेवण रांधत आणि वाढत होती. या उन्हाळ्यात शाळेने स्वयंपाकघर बंद केलं, आता डबे बाहेरून येणार. शेवटच्या दिवशी आमच्या भागातल्या बातम्यांवाले कॅमेरा घेऊन आले आणि पातेल्यांच्या गराड्यात उभं करून तिची मुलाखत घेतली. ती गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला दाखवणार होते. आणि वेल्समधली आमची सुट्टी जानेवारीपासून ठरलेली! आमचे दोघांचे फोन नुसते बोलायचे, त्यांवर टीव्ही दिसत नाही. ती म्हणाली, यंदा घरीच राहू. मी म्हटलं, मी असताना? घरच्यापेक्षा सुरेख चित्र आणून देतो.

"माझं काही नाही रे विल्फ," ती म्हणाली. "मी काय बोलले ते मला पाठ आहे. पण ते तू ऐकायला हवंस."

काय बोललीस, म्हणून मी खनपटीला बसलो. सांगेना. तोंडावर सांगता आलं असतं तर कॅमेऱ्यापुढे कशाला सांगितलं असतं, म्हणाली.

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो. ओळीतली पहिली कॅरव्हॅन आमची. पाठीमागे डोंगर, त्यावर टीव्हीचा टॉवर. समोर समुद्र, आणि समुद्रापलीकडे आमचं लँकेशर. मी अँटेना डोंगराकडे वळवला, यंदाच घेतलेल्या सिग्नल-मीटरचे पाचही दिवे लागले! बेरिलने तर तीनच मिनिटांत 'राहू दे' म्हटलं, तेही स्वच्छ उन्हात. मला वाटलं, माझा हात आता आणखी साफ झाला आहे.

आम्हा कॅरव्हॅनवाल्यांत एक रीत आहे. नवीन आलेला माणूस शेजारच्याचा अँटेना कुठे वळलाय ते गुपचूप बघतो आणि आपलाही तिकडेच वळवतो. विचारणं कमीपणाचं. मंगळवारपर्यंत ओळीत सात कॅरव्हॅन झाल्या आणि बाकीचे सहाही अँटेना माझ्यासारखे डोंगराकडे वळलेले. शेजारचा यॉर्कशरवाला हेडली स्वतःला मोठा तज्ज्ञ समजतो. त्यानेही तेच केलं, वर आपण स्वतंत्र विचार केल्याचा आव आणला. मी हात मागे बांधून रोज त्या ओळीवरून चक्कर मारत असे.

सोमवारीच बेरिल म्हणाली होती, एकदा साडेसहाच्या बातम्या लावून बघूया का, खात्री होईल. मी म्हटलं, स्नूकर खेळणाऱ्याच्या भुवईचे केस मोजता येतायत, आणखी कसली खात्री हवी तुला?

गुरुवारी बेरिलने लोकरीचा निळा कार्डिगन घातला, केसही नीट केले. टीव्ही बघायला! सव्वासहाला आम्ही चहा घेऊन बसलो. जागेची देखभाल करणाऱ्या आयर्लिसबाई गॅसचं सिलिंडर बघायला आल्या होत्या, त्यांनाही बेरिलने बसवून घेतलं. साडेसहाला बातम्या लागल्या. पहिलीच बातमी कुठल्याशा खोऱ्यातल्या बंद रस्त्याची. त्या गावाचं नाव घ्यायला मला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला असता.

"या आमच्या बातम्या," आयर्लिसबाई शांतपणे म्हणाल्या. "वेल्सच्या. डोंगरावरचा टॉवर आमचा, तुमचा समुद्रापलीकडे. बाकी कार्यक्रम दोन्हीकडे तेच असतात, साडेसहाच्या बातम्या तेवढ्या ज्याच्या त्याच्या."

शनिवारपासून का नाही बोललात, मी विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही इतक्या ऐटीत फिरत होतात, मला वाटलं तुम्हाला आमच्या बातम्या आवडतात.

 बेरिलने कप खाली ठेवला आणि कार्डिगनचं बटण उगाच काढून पुन्हा लावलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मी बाहेर धावलो आणि अँटेना समुद्राकडे फिरवला. पण रीत ती रीत! सहा खिडक्यांतून सहा डोकी बाहेर आली. विल्फने वळवलाय म्हणजे काहीतरी कारण असणार, असं म्हणत सहाही जणांनी आपापले अँटेना समुद्राकडे वळवले. सहा टीव्ही बंद. हेडली गळ्यात रुमाल अडकवलेला तसाच तणतणत आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो अँटेनाकडे बघून म्हणाला, "मग उभा काय राहिलास? वर कर तो!"

आत आयर्लिसबाई टीव्हीवर आमच्याकडच्या टॉवरची वाहिनी शोधत होत्या. चौकोन चौकोन दिसायला लागले, पण चित्र काही जुळेना. वाटेत संडास-बाथरूमची इमारत येत होती. मी दांडा उपसला, सहलीच्या टेबलावर चढलो आणि अँटेना डोक्यावर उंच धरला. आतून एकच गलका झाला, आलं! हात बोटभर खाली आला की गेलं. तेव्हा मी तसाच उभा राहिलो. टीव्ही गेलेली सगळी ओळ एव्हाना आमच्याच कॅरव्हॅनमध्ये शिरली होती. दोघांच्या जागेत अकरा माणसं! कॅरव्हॅन एका अंगाला कलली होती.

"शाळा दाखवतायत," हेडली आतून ओरडला. तेवढ्यात दार उघडलं आणि बेरिल बाहेर आली.

"तू बाहेर काय करतेस? आत तू चालू आहेस."

"तू आत जा. दांडा मी धरते."

"तुझा हात पुरायचा नाही. मी सोडला की चित्र जाईल, बेरिल. आत एवढी माणसं बसलीयत."

"मी त्यांच्यासाठी नव्हते बोलले," ती म्हणाली आणि टेबलावर चढली.

तिने दांडा धरला. मी सोडेना, तीही सोडेना. आत हशा पिकला. पाठोपाठ कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. मग हवामानाचा अंदाज सुरू झाला. एवढं एकच मिनिट होतं, आणि आम्ही दोघांनी ते टेबलावर भांडण्यात घालवलं. मला फार वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, चुकलं माझं, सोमवारी तुझं ऐकायला हवं होतं.

लोक बाहेर आले ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघत. हेडलीने माझा हात हातात घेऊन दाबला. माझा जीव टांगणीला. शेवटी आयर्लिसबाईंना मी विचारलं, काय म्हणाली ही?

"त्यांनी विचारलं, आता पुढे काय करणार," आयर्लिसबाई म्हणाल्या. "तर या म्हणाल्या, नवऱ्याबरोबर कॅरव्हॅनमधून फिरणार. तो पावसात उभा राहून अँटेना फिरवतो आणि मी खिडकीशी बसते. चित्र पहिल्या दोन मिनिटांतच आलेलं असतं. मी सांगत नाही. आपल्यासाठी कुणी एवढं भिजतंय, ते बघत बसावंसं वाटतं. शाळेतली मुलं मोठी होतात, निघून जातात. हा आपला अजून बाहेर उभाच असतो."

चौतीस वर्षांतले सगळे पाऊस मला एकदम आठवले. एकदा तर न्यूमोनिया होता होता राहिला होता.

"बेरिल, हे खरं?"

ती संडासाच्या इमारतीकडे बघत होती. कान लालबुंद झाले होते. "डावीकडे वळवायची गरज कधीच नव्हती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धो धो पाऊस. अँटेना पुन्हा डोंगराकडे वळवायचा होता. मी बाहेर गेलो, दांडा फिरवला, दोनच मिनिटांत मीटरचे पाचही दिवे लागले. मी हळूच खिडकीकडे पाहिलं. बेरिल कप हातात घेऊन माझ्याकडे बघत होती.

"अजून थोडं डावीकडे," ती म्हणाली.

मी वळवला. काय करणार? ओळीत बाकीचे सहा जणही आपापले दांडे धरून पावसात उभे होते, आणि सहाही खिडक्यांतून बायका त्यांना डावीकडे, डावीकडे म्हणून सांगत होत्या. हेडली पाच मिनिटांतच कुडकुडायला लागला. सवय नाही ना त्याला!