दामूकाका आणि आमची बोटं

शेजारचे दामूकाका दारात दिसले की आमच्या घरातली माणसं आधी हात मागे लपवतात. काका सरकारी दवाखान्याच्या लॅबमधून निवृत्त झाले, सुई मात्र अजून कामावर आहे. कशी आहेस विचारायच्या आत बोट ओढतात, टोचतात आणि वर म्हणतात, "साखर सांगून येत नाही!" डहाणू रोडला एका लग्नात त्यांनी चक्क नवरदेवाला गाठलं होतं. तेही अक्षता पडायच्या आत!

हल्ली त्यांना नवंच खूळ लागलंय. पेपरातलं एक कात्रण प्लास्टिकमध्ये घालून घेऊन फिरतात. अंगात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण सोडायचे, नॅनो की काय म्हणतात ते, आणि एमआरआय काढायचा. स्वादुपिंडाला सूज असली तर कण तिथे गोळा झालेले दिसतात. म्हणजे साखर वाढायच्या आधीच मधुमेहाची चाहूल! अजून संशोधनच चालू आहे, असंही त्यात लिहिलंय. काका तेवढी ओळ अंगठ्याखाली झाकून वाचतात. चारोटीच्या वडापाववाल्यालासुद्धा ते कण पाठ झालेत.

परवा दुपारी माझी नऊ वर्षांची गौरी एका दमात दोन तांबे पाणी प्यायली. काका आमच्या ओट्यावरच होते. त्यांचा चेहराच उतरला. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी टोचलंसुद्धा.

आकडा आला चारशे बारा.

"मीना, उभी काय राहिलीस? रिक्षा बोलाव!"

रिक्षात गौरी मुसमुसत होती, काका तिची नाडी धरून बसलेले, आणि मी महालक्ष्मीला नवसावर नवस बोलत होते. माझ्या पोरीला काही होऊ देऊ नकोस गं बाई, एवढंच.

दवाखान्यात नर्सबाईंनी गौरीला आधी साबणाने हात धुवायला लावले आणि पुन्हा टोचलं. अठ्ठ्याण्णव! डॉक्टरांनी शिरेतलं रक्त घेऊनही बघितलं. सगळं ठीक.

"काय खात होतीस गं?" नर्सबाईंनी विचारलं.

"चिकू. सगळ्यांसाठी मीच सोलले."

म्हणजे मशीनने बोटांवरचा चिकूचा रस मोजला होता! माझा जीव भांड्यात पडला आणि मग असा संताप आला म्हणता! "काका, जन्म लॅबमध्ये गेला तुमचा. आधी हात धुवा, हे तुम्हीच सांगता ना जगाला? जिवाला घोर लावलात!"

काका बाकावर बसले. "सुचलंच नाही गं. तिला पाणी पिताना बघितलं आणि..."

मग ते बोलले. त्यांना एक मुलगी होती, सुमन. तलासरीला बदली होती तेव्हाची गोष्ट. गौरीएवढीच होती. महिनाभर घटाघटा पाणी प्यायची, वाळत चालली होती. "अख्ख्या तालुक्याचं रक्त मी तपासत होतो. घरी म्हटलं, उन्हाळा आहे, पिऊ दे." एका सकाळी ती उठलीच नाही.

बारा वर्षं मी शेजारी राहते. काकांना मूल होतं, हेच मला माहीत नव्हतं. रडूच फुटलं मला. काहीतरी समजूत घालायची म्हणून म्हटलं, "काका, तेव्हा हे तुमचे कण असते तर..."

"कण कशाला हवे होते, मीना?" काका म्हणाले. "साधी पट्टी होती माझ्याकडे. लघवीत बुडवायची. एका मिनिटाचं काम."