दोन सेकंद धरून ठेवणारी गाडी

चढावर थांबलेली गाडी बोटभरही मागे न जाऊ देता पुढे काढणं, हे मला झोपेतही जमतं. झोप मिळाली तर. माझे बाबा बत्तीस वर्षं बस चालवत होते आणि त्यांनी मला गाडी शिकवली ती काडेपेट्यांवर. चढावर गाडी थांबवायची, बाबा खाली उतरून मागच्या चाकाला टेकवून काडेपेटी ठेवणार, मग मी हँडब्रेक आणि क्लच यांचा मेळ घालून गाडी पुढे न्यायची. पेटी चपटी झाली तर बाबा खाली वाकत. ती उचलून शांतपणे माझ्या मांडीवर ठेवत. अशा अकरा पेट्या माझ्या मांडीवर आल्या. बारावी आईने धडधाकट अवस्थेत परत स्वयंपाकघरात नेली.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की हिला गाडी येत नसावी. मला गाडी येते. राग त्याचाच आहे.

आमची आत्ताची गाडी नवऱ्याने चार महिन्यांपूर्वी आणली. आणल्या दिवशी मला शेजारी बसवून तो म्हणाला, "आता हँडब्रेक विसर. हिला हिल असिस्ट आहे."

"म्हणजे?"

"चढावर तू ब्रेकवरून पाय काढलास, तरी गाडी स्वतः ब्रेक धरून ठेवते. आरामात पाय उचल, आरामात निघ."

"किती वेळ धरते?"

"दोन सेकंद."

"आणि मग?"

"मग कशाला लागतंय? दोन सेकंद भरपूर झाले."

दोन सेकंद भरपूर झाले, असं सव्वा वर्षाच्या मुलीचा बाप कसं म्हणू शकतो, मला कळत नाही. दोन सेकंदांत आमची मुंगी पायातला मोजा काढून तोंडात घालते. दोन सेकंदांत मी चहाचा पहिला घोट घेते, आणि दुसरा घेते तेव्हा दुपार झालेली असते. पण त्याचा चेहरा इतका उजळला होता, जणू ती सोय त्याने स्वतः गॅरेजमध्ये बसून तयार केली होती. मग म्हटलं, असू दे. महिनाभर मी बाबांचीच पद्धत चालवली. तो शेजारी असला की माझा हात हँडब्रेककडे गेलेला बघून उसासा सोडायचा. "अगं, विश्वास ठेव ना थोडा." शेवटी मी ठेवला. आणि खरं सांगते, जमायचं. गाडी धरायची, मी निघायचे. तीन महिने मी हँडब्रेकला हात लावला नाही. बाबांना हे सांगितलेलं नाही.

आता पाळणाघराचं सांगते, कारण सगळा जीव तिथे अडकलेला आहे. मुंगीचं पाळणाघर सहाला बंद होतं. ते चालवणाऱ्या काकू बोलायला गोड आणि वेळेला लोखंडी. तीनदा उशीर झाला की मुलाची जागा जाते, कारण बाहेर अकरा मुलं रांगेत आहेत. माझे दोन उशीर होऊन गेले होते. एकदा मीटिंग लांबली आणि एकदा, खोटं कशाला बोलू, पार्किंगमध्ये गाडीत बसल्या बसल्या डोळा लागला. मुंगीची जागा गेली की माझी नोकरी गेली, इतकं सरळ होतं ते. दुसरं पाळणाघर शोधायला मला दोन महिने लागले असते, आणि साहेबांनी दोन तासही दिले नसते.

हे पाळणाघर चढाच्या टोकाला आहे. चढ असा, की खालून बघितलं तर कुणी रस्ता भिंतीला टेकवून ठेवलाय असं वाटावं. आणि जिथे तो सगळ्यात उभा आहे, नेमका तिथे सिग्नल.

त्या सोमवारी साहेबांनी साडेपाचला, माझी पर्स खांद्यावर असताना, "एक मिनिट" म्हटलं. ते मिनिट अठरा मिनिटांचं होतं. मी पार्किंगपर्यंत पळत गेले, पर्स शेजारच्या सीटवर भिरकावली, दार ओढलं आणि निघाले. चढाच्या पायथ्याशी आले तेव्हा सहाला पाच कमी होते. मध्यावर पोचले आणि सिग्नल लाल झाला. माझ्या मागे एक निळी गाडी येऊन थांबली, इतकी जवळ की आरशात तिचा नंबर वाचता येईना.

सिग्नल हिरवा झाला. मी विश्वासाने ब्रेकवरून पाय उचलला.

गाडी मागे निघाली.

दोन सेकंद नाही, एक नाही, अर्धाही नाही. सरळ मागे. मी ब्रेक दाबला, इंजिन आचका देऊन बंद पडलं, आणि मागच्या निळीने हॉर्न वाजवला. पीं, पीं, पीं. मी गाडी चालू केली. पाय उचलला. पुन्हा मागे, पुन्हा ब्रेक, पुन्हा आचका. पीं, पीं, पीं. तोवर सिग्नल लाल झाला.

एवढ्यात फोन वाजला. गाडीच्या स्पीकरवर नवरा, आवाज एकदम प्रसन्न.

"पोचलीस का?"

"तुझी गाडी मागे जातेय."

"कुठे मागे?"

"कुठे म्हणजे? पुढे नसतं ना, ते मागे. चढावर आहे मी. तुझं असिस्ट चालत नाही."

"शक्यच नाही. ब्रेक पूर्ण दाबतेस का?"

"नाही, नुसता कुरवाळतेय."

"चिडू नकोस. पहिला गिअर आहे ना? बरं, घाबरून पाय लवकर..."

"मी घाबरलेली नाही. सहाला चार कमी आहेत, मुंगीची जागा जाणार आहे, आणि मागे एक बाई हॉर्नवर हात ठेवून झोपी गेली आहे."

"तुला कसं कळलं बाई आहे?"

"फोन ठेव."

हिरवा झाला. पाय उचलला. मला वाटलं, या खेपेला तरी गाडीला लाज वाटेल. नाही वाटली. यावेळी मागून 'टुक्' असा आवाज आला. फार मोठा नाही, कपाटावर डबा टेकवल्यासारखा. आणि त्यामागोमाग हॉर्न, आता सलग.

माझं डोकं फिरलं. मी खिडकीची काच खाली केली, अर्धी बाहेर वाकले आणि आयुष्यात कुणाशी बोलले नाही अशा आवाजात ओरडले, "उडून जायचंय का वरून? तुमच्या घरी कुणी वाट बघत नसेल, माझं लेकरू बघतंय!"

निळ्या गाडीतून एक हात बाहेर आला आणि माझ्या दाराकडे बोट दाखवून हलू लागला. म्हणजे वर धमकी. गाडी बाजूला घे, खाली उतर, बघते तुला. मी काच वर केली.

आणि मग मी हँडब्रेक ओढला. असा ओढला की तो हातात येईल असं वाटलं. क्लच हळूहळू वर, गाडीचं नाक जरासं उचललं, बाबा म्हणायचे तसं 'तिला निघावंसं वाटू दे', आणि हँडब्रेक सोडला. गाडी मांजरासारखी वर गेली. मागे काडेपेटी असती तर तिच्यावर ओरखडाही उठला नसता.

सहा वाजून दोन मिनिटांनी मी फाटकाशी गाडी उभी केली. मागोमाग निळी गाडी येऊन माझ्या शेजारी थांबली. पाठलाग करत आली होती. मी ठरवलं, हिलाही ऐकवायचं, मगच आत जायचं. जागा तर गेलीच आहे, आता घाबरायचं कुणाला. मी उतरले, पदर नव्हता म्हणून ओढणीच खोचली, आणि वळले.

निळ्या गाडीतून काकू उतरल्या. पाळणाघराच्या. हातात कागदात गुंडाळलेला एक नळ.

"भावाची गाडी आणली होती," त्या म्हणाल्या. "पिंपाचा नळ गळतोय सकाळपासून."

मी खोचलेली ओढणी सोडली.

"आणि माझ्याही घरी वाट बघतात हो," काकू म्हणाल्या. "नऊ लेकरं. त्यातलं एक तुमचं."

"काकू, मला माहीत नव्हतं की... तुमचा तो हॉर्न..."

"हॉर्न वाजवू नको तर काय करू? केव्हापासून सांगतेय, पट्टा बाहेर आहे. हात करून दाखवला, तर तुम्ही काच वर केलीत."

मी बघितलं. माझ्या पर्सचा लांब पट्टा, बकलासकट, ड्रायव्हरच्या दारात अडकला होता; उतरल्यावर मी दार ढकललं, तेव्हा पुन्हा तिथेच चिमटला होता. वीतभर तुकडा रस्त्यावरची धूळ खाऊन शेपटीसारखा लोंबत होता.

दारात मदतनीस मावशी मुंगीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. दुसऱ्या हातात उशिराची वही. "सहा वाजून चार मिनिटं," मावशी म्हणाल्या. "कुणाचं नाव लिहू? दोघी बाहेर आहात."

काकूंनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भावाच्या गाडीचा बंपर बोटाने पुसून बघितला. ओरखडा नव्हता. "मी आत पाऊल टाकलं की सहा वाजतात, असं आजच्या दिवस धरू," त्या म्हणाल्या. "नाहीतर पहिलं नाव माझंच लिहावं लागेल. आणि तुम्ही, उद्यापासून दार नीट लावून निघत जा."

मुंगीने माझ्या गळ्यात पडून माझ्या कानातलं ओढलं. मला रडायला येत होतं, पण राग अजून संपला नव्हता, आणि तो घरी जाऊन संपवायचा होता.

घरी मी नवऱ्याला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. 'विश्वास ठेव' या दोन शब्दांवर मी पाऊण तास बोलले. तो बिचारा खरंच हादरला. "गाडी बिघडलेलीच असणार," तो म्हणाला. "चूक माझी. तुला सवय मोडायला मीच लावली." त्या दिवसापासून बाटल्या उकळणं त्याच्याकडे, पहाटेचं उठणं त्याच्याकडे, पाळणाघरातून आणणंही त्याच्याकडे. तीन दिवस मी चहा गरम असताना संपवला. शनिवारी तो गाडी गॅरेजला नेणार होता.

गुरुवारी मी घरून काम करत होते. मुंगीलाही घरीच ठेवलं होतं; दुपारी ती झोपली, आणि मला अर्धा तास मिळाला. गॅरेजवाल्याला चार शब्द कडक लिहून द्यावेत म्हणून मी गाडीचं पुस्तक काढलं. हिल असिस्टचं पान सापडलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ड्रायव्हरचं दार पूर्ण लागलेलं नसेल तर ही सोय काम करत नाही. दार उघडं असल्यास लाल दिवा लागेल आणि घंटी वाजेल.

घंटी आम्ही पहिल्याच आठवड्यात बंद करून घेतली होती. मुंगी झोपलेली असली की दचकायची.

आणि दिवा? मी तशीच खाली जाऊन बघितलं. स्टिअरिंगमागे हे दिवे लागतात त्या कोपऱ्यावर मी स्वतःच्या हाताने फोटो चिकटवला होता. मुंगीचा, दोन दात दाखवत हसतानाचा. गाडी जपून चालवावी, याची आठवण राहावी म्हणून. ती माझी इतकी काळजी घेत होती, की सोमवारी चढावर लागलेला लाल दिवा तिच्या गालामागे जळत राहिला आणि मला दिसला नाही.

मी फोटो अलगद सोडवला, काचेच्या वर ऊन अडवायची फळी असते तिच्यावर लावला आणि कुणाला काही बोलले नाही. पुस्तक जागेवर ठेवलं. रात्रीच्या बाटल्या त्यानेच उकळल्या.

आज शनिवार. मुंगी झोपली आहे, तो गॅरेजमध्ये आहे आणि मी हे लिहीत बसले आहे. इथे थांबायचं असं ठरवलं होतं, पण आत्ताच त्याचा फोन येऊन गेला.

"गाडीत काही बिघाड नाही म्हणतात," तो म्हणाला. "पण मेकॅनिक विचारतोय, दाराच्या दिव्यावर हे गोंदाचे डाग कसले?"

मी तोंडाचा ब्रेक घट्ट धरून ठेवला. एक सेकंद. दोन सेकंद.

मग घसरले.